तिसऱ्या फितीची तारीख

१

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर मंगळवारी आलं. पाकिटात दोन कागद होते. पहिला वाचला तेव्हा वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र आपल्याकडं आलं. दुसरा पाहिला आणि मी ओट्यावर बसलो. त्यावर माझी सही होती, आणि तो कागद मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

मी अमृतराव खिल्लारे. पलटणीत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. सेनगावपासून सात किलोमीटरवर आमचं गाव. घरात आता मी एकटाच. पद्मा, माझी बायको, जाऊन चार महिने झाले. मुलगी साक्षी नांदेडला नोकरीला आहे.

गोष्ट तारखेची आहे. नाईकाच्या बाहीवर दोन फिती असतात, हवालदाराच्या तीन. माझी तिसरी फीत एक जुलै २००१ ला यायची होती. यादीत माझं नाव पहिलं होतं. आली एक मार्च २००२ ला, आठ महिने उशिरा. त्या जुलैला माझ्या जागी रत्नपाल पाईकरावला फीत मिळाली. तो आखाडा बाळापूरचा, माझ्याच भरतीचा. त्या आठ महिन्यांमुळं मी पुढच्या सगळ्या याद्यांत मागं पडलो. नायब सुभेदाराच्या यादीत दोन नंबरांनी राहिलो आणि चोवीस वर्षं भरली. रत्नपाल सुभेदार होऊन आला. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. चार माणसांत त्याला चोरसुद्धा म्हणालो.

पद्मा दवाखान्यात होती तेव्हा शेवटी शेवटी फार बोलत नव्हती. एके दुपारी माझा हात धरून म्हणाली, "मी गेल्यावर रेकॉर्डला लिहा. त्या तारखेचं काय झालं ते विचारा. कागदच मागा त्यांना."

मी म्हणालो, "आता काहून? सोड ते."

"न्हाई. विचाराच," ती म्हणाली.

तिनं मागितलेली ही शेवटची गोष्ट. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि आठव्या दिवशी मी अर्ज टाकला, तारीख दुरुस्त करून मिळावी म्हणून. डिस्चार्ज बुक काढायला तिची पत्र्याची पेटी उघडावी लागली. आत माझी पत्रं सुतळीनं बांधलेली होती. साक्षीचा जन्मदाखला होता, गेलेल्या मुलाचं टोपडं होतं. तळाशी एका कोऱ्या कागदात गुंडाळलेलं एक अंतर्देशीय पत्र होतं. अक्षर माझं होतं. मला ते वाचवलं नाही. बुक घेतलं आणि पेटी लावून टाकली.

आणि आता हे उत्तर. तुमची पदोन्नती तुमच्याच विनंतीवरून पुढं ढकलली होती, असं त्यात लिहिलं होतं. ११ जून २००१ चा अर्ज सोबत जोडला आहे. तो तुमचा नसेल तर तीस दिवसांत तसं लिहून कळवा आणि ज्याच्यावर संशय असेल त्याचं नाव द्या, म्हणजे खोट्या कागदाची चौकशी लावता येईल.

मी अर्ज पुन्हा पाहिला. हिंदीत पाच ओळी होत्या. घरच्या अडचणीमुळं मला सध्या बढती नको, पुढच्या वेळी विचार व्हावा. खाली माझा नंबर, नाईक, आणि सही.

मला फीत नको, असं मी लिहीन?

२

सेनगावात एसटी स्टँडसमोर वह्या-पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथं गल्ल्यामागं गुलाबचंद बसतात. दुकान पुतण्याचं आहे. गुलाबचंद स्वतः तीस वर्षं सेनगावच्या पोस्टात होते, पोस्टमास्तर म्हणूनच निवृत्त झाले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तालुक्यात कुणाच्या सहीचं भांडण निघालं की लोक त्यांच्याकडं येतात.

"जयभीम, हवालदारसाहेब," ते म्हणाले. "बसा. चहा बिनसाखरेचा आहे, आधीच सांगून ठेवतो. पुतण्याला माझ्या तब्येतीची फार काळजी, माझ्या सुखाची न्हाई."

मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि कागद नाकाला लागेल इतका जवळ धरला. माझ्याकडून एका चिठ्ठीवर दोन सह्या करून घेतल्या. डिस्चार्ज बुकातली जुनी सही पाहिली. मी वाट पाहत होतो, ते म्हणतील, ही बनावट आहे.

"सही तुमची आहे," ते म्हणाले.

"कशी असंल? मी केलीच न्हाई."

"तीस वर्षं मी सही जुळल्याबिगर कुणाला खात्यातनं काही काढू दिलं न्हाई. नक्कल करणारा हळू हात चालवतो, रेघ थरथरते. ही एका दमात झालेली आहे. तुमच्या र ची शेपूट बघा. तुमचीच."

"मंग मी वेडा झालो का?"

"त्याचा दाखला माझ्याकडं मिळत न्हाई." त्यांनी कागद उजेडाकडं धरला. "झेरॉक्स हाय, पण बरंच सांगून राहिली. हा डावीकडं वर काळा ठिपका बघा. दोन ठिपके, जवळजवळ. गंजलेल्या टाचणीचे. आता या फिकट रेघा, घडीच्या. आडवी, उभी, परत आडवी. पोस्टानं जाणारा कागद पाकिटाच्या मापानं दुमडतात. हा खिशाच्या मापानं दुमडलाय."

"म्हंजी?"

"म्हंजी हा टपालानं गेला न्हाई. कुणीतरी खिशात घालून नेला. आणि तिसरी गोष्ट, मजकूर इथं संपला." त्यांनी बोट ठेवलं. "आणि सही इथं, खाली. मधी माझा पंजा मावतो. पाच ओळींखाली कुणी इतकी लांब सही करतं का?"

मला काही कळेना. त्यांनी विचारलं, "जून २००१ मध्ये तुमी कुठं होता?"

"वर चौकीवर. मे मध्येच सुट्टी संपवून गेलो होतो. पलटणीचं ऑफिस खाली, दोन दिवसांच्या वाटेवर."

"म्हणून कुणी तुम्हाला विचारलं न्हाई. कागद खाली आला, सही जुळली, फायलीला लागला. मंग त्या महिन्यात तुमच्या पलटणीतलं इकडं सुट्टीवर कोण होतं? इकडून तिकडं कोण गेलं?"

एकच माणूस होता.

"रत्नपाल," मी म्हणालो.

३

मी तिथूनच आखाडा बाळापूरची गाडी पकडणार होतो. गुलाबचंदांनी बाही धरली. "चोर धरायला जाताना आधी चोरी काय झाली ते माहीत पाहिजे. त्यानं नेला असंल. पण सही तुमची आहे. ती त्याच्याजवळ कुठून आली? आधी घरच्यांना विचारू."

घरचा म्हणजे माझा धाकटा भाऊ बुद्धभूषण. शेजारीच राहतो. गुलाबचंद ऑटो करून माझ्यासोबत गावात आले. बुद्धभूषण अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होता. मी कागद त्याच्यासमोर धरला.

"तू तर न्हाई दिला हा?"

त्यानं वाचला. त्याला हिंदी नीट येतं. वाचून तो हसला, आणि मला त्याचा राग आला.

"दादा, तुझी फीत थांबवून मला काय भेटणार होतं? तू घरी आलास की मलाच भल्या पहाटे उठवायचास. गावात सगळ्यात जास्त तुझी बढती मला पायजे होती."

"वाटणीचं बोलणं निघालं होतं त्या साली."

"निघालं होतं. तू न्हवतास म्हणून राहिलं. तू येऊन बसावं असं मला वाटत होतं, व्हय. पण त्यासाठी मी तुझी सही कुठून आणू?" तो थांबला. "वहिनीसमोर असं विचारलं असतंस का मला?"

गुलाबचंद शेंगा हातात घेऊन बघत होते. त्यांनी सहज विचारलं, "या घरात लाइट कवा आली हो?"

"त्याच सालच्या पावसाळ्यात," बुद्धभूषण म्हणाला. "मीटर दादाच्या नावावर हाय. मीच सेनगावला जाऊन अर्ज दिला होता. वहिनीनं सगळं तयार करून दिलं, मी फक्त नेऊन टाकला."

"अर्ज कुणाच्या सहीचा?"

"दादाच्या. मीटर त्याच्या नावावर म्हणल्यावर."

"आणि दादा कुठं?"

"चौकीवर, आणखी कुठं."

गुलाबचंदांनी माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. मला मीटरचा काय संबंध तेच कळेना. मी आत जाऊन पाणी आणलं. तांब्या कुठं ठेवलाय ते मला अजून लवकर सापडत नाही.

ते पाणी प्याले आणि म्हणाले, "उद्या नर्सीला जाऊ. माणिकराव गुरुजींना भेटायचंय."

"त्यांचं काय?"

"अर्जाच्या विषयाखाली दोन रेघा आहेत. एक जाड, एक बारीक. या अक्षरातली पाकिटं मी तीस वर्षं शिक्के मारून पाठवली. हे गुरुजींचं अक्षर आहे, हे मला दुकानातच कळलं होतं."

"मंग तवाच काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी तिथूनच दगड घेऊन गेला असता."

४

माणिकराव गुरुजी आमच्या गावच्या शाळेवर बावीस वर्षं होते. गावातले सगळे अर्ज तेच लिहायचे. आता नर्सी नामदेवला मुलाकडं असतात. मुलाचं मंदिराच्या वाटेवर नारळ-प्रसादाचं दुकान आहे. गुरुजी मागच्या खोलीत बाजेवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "पद्माचं कळलं रे. मला येता आलं न्हाई, गुडघे चालत न्हाईत."

मी कागद दिला.

त्यांनी तो फार वेळ पाहिला. बाहेर कुणीतरी नारळाच्या भावावरून सुनेशी घासाघीस करत होतं.

"अक्षर माझंच आहे," गुरुजी म्हणाले.

मी उठून उभा राहिलो. "गुरुजी, तुमी? तुमी मला कखग शिकवलं न्हाई, पण माझ्या पोरीला शिकवलं. तुमी असलं काम केलं?"

"बस."

"कुणी लिहायला लावलं?"

"ते मी सांगणार न्हाई. शब्द दिलाय."

"रत्नपालनं ना?"

"रत्नपाल मला कवाच भेटला न्हाई. अमृत, नाव मी सांगणार न्हाई, पण खोटंही बोलणार न्हाई. एक गोष्ट सांगतो." त्यांनी कागदावर, मजकूर आणि सहीमधल्या जागेत, बोट ठेवलं. "मी लिहायला बसलो तेव्हा ही सही आधीच होती."

गुलाबचंद माझ्याकडं बघत होते, आणि मला हळूहळू आठवायला लागलं. ते मला आधीच आठवायला पाहिजे होतं.

सुट्टी संपवून निघताना आम्ही सगळेच करायचो. पलटणीतल्या कुणालाही विचारा. घरी कवा कसला कागद लागेल सांगता येत नाही. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, तलाठ्याचा उतारा, सगळीकडं घरधन्याची सही पाहिजे, आणि घरधनी हजार कोसांवर. पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चार-पाच कोऱ्या तावांवर खाली नंबर, हुद्दा आणि सही करून ठेवायची. ज्याला जे लागेल ते वर लिहून घेईल. मेच्या त्या सुट्टीत मी पाच कागदांवर सह्या केल्या होत्या. टाचणी लावून ते पद्माकडं दिले होते.

"मीटर," मी म्हणालो.

"एक मीटरला गेला," गुलाबचंद म्हणाले. "वहिनींनी तयार करून दिला, भाऊ नुसता नेऊन टाकतो. आणखी?"

"एक रेशन कार्डाला. एक तलाठ्याकडं. तिनं पत्रात कळवलं होतं."

"तीन. आणि हा अर्ज चौथा. पाचवा कुठाय?"

"चोरला असंल कुणी. एक चोरला तसा दुसराही."

"ते कागद त्या ठेवायच्या कुठं?"

"पेटीत. कुलूप असायचं."

"किल्ली?"

गुरुजींनी मान खाली घातली. किल्ली पद्माच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात असायची. न्हातानासुद्धा ती काढत नसे. दवाखान्यात नर्सनं काढून माझ्या हातात दिली तेव्हा दोऱ्याचा वळ तिच्या मानेवर तसाच होता.

"न्हाई," मी म्हणालो. "ती असं करणार न्हाई. तिनंच तर मला विचारायला लावलं. तिनंच म्हणलं, कागद मागा. स्वतः करणारी बाई असं म्हणंल का?"

गुरुजी म्हणाले, "म्हणंल. ज्याला तोंडानं सांगता येत न्हाई, तो दुसरं काय करंल?"

५

पेटी मी पुन्हा उघडली. गुलाबचंद दाराशी बसले, आत आले नाहीत. मी तळाचा तो कोरा कागद काढला, ज्यात अंतर्देशीय गुंडाळलेलं होतं. कागद पूर्ण उलगडला तर तो कोरा नव्हता. अगदी खाली नंबर, नाईक, आणि माझी सही होती. डावीकडं वर गंजलेल्या टाचणीची दोन छिद्रं. तो पाचवा होता.

अंतर्देशीय मी गुलाबचंदांच्या हातात दिलं. मला वाचायचं नव्हतं. त्यांनी आधी शिक्का पाहिला.

"सेनगावचा माझाच शिक्का. पोचलं ९ जून २००१. अर्ज ११ जूनचा." ते थांबले. "आत मी वाचू?"

"वाचा."

त्यांनी मनात वाचलं आणि माझ्याकडं परत केलं. "हे तुमीच वाचा," म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन बसले.

पत्र लहान होतं. फितीबरोबर मला दुसऱ्या पलटणीत खोऱ्यात जावं लागणार होतं, तिथं सहा-आठ महिने सुट्टी नाही, हे मी तिला सुट्टीतच सांगितलं होतं. मी गेल्यावर तिनं लिहिलं असणार की जाऊ नका. तिला तेव्हा सातवा महिना होता. आमचा पहिला मुलगा नव्व्याण्णव साली तापानं गेला, दोन वर्षांचा होऊन. मी तेव्हा वरच होतो. पोचायला पाच दिवस लागले. तोवर तिनं त्याला एकटीनंच मातीला नेलं होतं.

त्याचं सगळं विसरून मी लिहिलं होतं: "रडगाणं लावू नकोस. लेकरं होत राहतील, फीत एकदाच येते."

हे वाक्य मी लिहिलं होतं. मला आठवत नव्हतं. तिनं ते तेवीस वर्षं माझ्याच सहीच्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मला अचानक चाळीस दिवसांची सुट्टी मिळाली होती. त्या सुट्टीला मी नशीब म्हणायचो. फीत गेली पण साक्षीच्या वेळी घरी होतो, असं सगळ्यांना सांगायचो. पद्मा त्या वेळी उठून आत जायची. मला वाटायचं, लाजते.

६

रत्नपालचं घर आखाडा बाळापूरच्या बाजाराच्या मागं आहे. मी आणि गुलाबचंद पोचलो तेव्हा तो दारात खुर्ची टाकून मोसंबी सोलत होता. उजव्या हाताची दोन बोटं त्याला नाहीत. ती खोऱ्यात गेली, फीत मिळाल्यावर तिसऱ्या महिन्यात. मला हे माहीत होतं. मी एकदा त्यावरही बोललो होतो, चोराची बोटं म्हणून.

त्यानं वर पाहिलं. "आज सूर्य कुठून निघाला? चोराच्या दारी हवालदार!"

मी अर्ज आणि कोरा कागद दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवले. त्यानं पाहिले आणि मोसंबी बाजूला ठेवली.

"वहिनी गेल्या म्हणून आलास," तो म्हणाला.

"तुझ्याजवळ तिनंच दिला होता?"

"व्हय. बसस्टँडवर आल्या होत्या, पोटुशा, उन्हात. मी सुट्टी संपवून निघालो होतो. म्हणल्या, दादा, हा कागद हापिसात द्या, यांना सांगू नका. मी वाचला. म्हणलं, वहिनी, हा दिला तर फीत मला येती, मलाच खोऱ्यात जावं लागतं. त्यांना ते माहीत न्हवतं. परत मागू लागल्या कागद. रडू लागल्या."

"मंग?"

"मंग काय. दिला न्हाई परत. घातला खिशात." तो हसला. "अमृता, तू लगेच माझा पुतळा उभारू नकोस. मला फीत पायजे होती, वहिनीला तू पायजे होतास. दोघांचं जमलं. दोन बोटं गेली, तिसरी फीत आली. हिशोब काही वाईट न्हाई."

"मी तुला तेवीस वर्षं चोर म्हणालो."

"म्हणालास. माझ्या पोराच्या लग्नातसुद्धा म्हणालास, मांडवात. जेवून घेतलंस अन् मंग म्हणालास."

"बोलला काहून न्हाईस?"

"वहिनीला शब्द दिला होता. आणि खरं सांगू? लईदा वाटलं, बोलावं. पण तू साक्षीला खांद्यावर घेऊन फिरायचास, ते मी बघायचो. मंग वाटायचं, जाऊ दे, बोंबलू दे याला."

त्यानं मोसंबीची एक फोड माझ्या हातात दिली. मी ती खाल्ली. गुलाबचंदांनी न मागता दोन घेतल्या.

मग ते म्हणाले, "हवालदारसाहेब, पत्रावरच्या तारखेपासून तीस दिवसांतले बावीस गेले. उत्तर द्यावं लागंल. सही तुमचीच, पण मजकूर तुमच्या नकळत लिहिला. तसं कळवलं तर चौकशी होईल, तारीख कदाचित बदलंल. मानद का होईना, नायब सुभेदार लागेल नावापुढं. नियमानं तुमची बाजू आहे. फक्त, लिहिणाऱ्याचं नाव द्यावं लागंल."

मी रत्नपालकडं पाहिलं. तो अर्जाची घडी घालत होता, खिशाच्या मापाची, पहिल्यासारखीच.

पद्मानं मला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं होतं. तारीख बदलून आणा, असं ती कधी म्हणाली नव्हती. ते मीच समजून घेतलं होतं.

मी पाचवा कागद पुढं केला. "पेन घे, रत्नपाल. याच्यावरच लिही उत्तर."

"मी? तीन बोटांचं अक्षर वाचवंल का त्यांना?"

"वाचवंल."

त्यानं मांडीवर पाट घेतला, कागद त्यावर ठेवला. पेन अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत धरला. "काय लिहू?"

"११ जूनचा अर्ज माझ्या घरून, माझ्या सहीनं गेला होता. एक मार्चची तारीख बराबर आहे. दुरुस्तीचा अर्ज मागं घेतो."

"एवढंच?"

"एवढंच."

तो सावकाश लिहीत गेला. विषयाखाली त्यानं एकच रेघ मारली. तिसरी ओळ संपली तरी खाली बरीच जागा उरली. त्यानं पेन माझ्याकडं करण्यासाठी हात पुढं केला, मग कागदाकडं पाहून परत घेतला.

सही झालेलीच होती.